बारा चोवीसची कर्जत

मुंबईला नाइट लाइफ आहे असं छातीठोकपणे सांगणारा माणूस एकतर वरळीला राहतो, नाहीतर नागपूरला. डोंबिवलीकराकडे नाइट असते, लाइफही असते. फक्त दोघींच्या मध्ये सव्वा तासाची स्लो लोकल असते. जानेवारी २०२० मध्ये सरकारनं 'मुंबई चोवीस तास' जाहीर केलं. हॉटेलं, मॉल रात्रभर उघडे. दोनच महिन्यांत मुंबई दिवसाचीही बंद झाली, ते सोडा. पण आमची मुंबई चोवीस तासांची कधी नव्हतीच. आमची मुंबई बारा चोवीसची. सीएसएमटीवरून कर्जतला जाणारी शेवटची लोकल त्या वर्षी १२.२४ ला सुटायची, आणि ती चुकली की पहाटेपर्यंत फलाटावरच्या उंदरांशी ओळख वाढवायची.

त्या वर्षी म्हणजे २०२४ साली. मी सांगतोय तो जुलैचा पहिला आठवडा. त्या आठवड्यात मी रोज रात्री दहाला झोपायचं ठरवलं होतं.

आम्ही चौघं. पश्या अंधेरीला भाड्यानं राहतो. 'बस रे, घरी जाऊन काय दिवे लावणार आहेस?' हे वाक्य, घरी जायला ज्याला पन्नास रुपयांची रिक्षा पुरते, त्यालाच सुचतं. मृण्मयी बीकेसीत नोकरीला. गोट्या मुलुंडचा, बँकेत. आणि मी. आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपचं नाव 'नक्की ना?' असं आहे, आणि त्या प्रश्नाला आजवर कुणी उत्तर दिलेलं नाही.

आठवडा खरं तर २९ जूनच्या शनिवारीच सुरू झाला. वर्ल्ड कपची फायनल. लोअर परळच्या एका ठिकाणी मोठा पडदा होता. माणशी अडीच हजार, पण 'रिडीमेबल'. म्हणजे तेवढ्याचं खाता येतं. म्हणजे बटाट्याच्या सळ्यांची एक बशी पाचशेला. (घरी आई ह्याला 'फिंगर चिप्स' म्हणते आणि रविवारी फुकट देते.) पश्यानं पडद्यासमोरची जागा धरली होती. पडद्यासमोर एक खांब होता.

मला साडेदहाला बाबांचा फोन येतो. कुठंही असलो तरी येतो आणि वाक्य एकच असतं, 'निघालास का?' त्या रात्री साडेदहा टळून गेले. अक्षरच्या एका षटकात चोवीस धावा गेल्या, आफ्रिकेला तीस चेंडूंत तीस हव्या होत्या, आणि फोन नाही. हार्दिकनं क्लासेनला काढलं आणि फोन वाजला.

"कुठायस?"

"परळला."

"बसलायस की उभा?"

"उभा. खांब आहे मध्ये."

"तसाच राहा. हलू नकोस. आणि घरी यायची घाई करू नको."

सत्तावीस वर्षांत हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं. सूर्यानं सीमारेषेवर मिलरचा तो झेल घेतला तेव्हाही मी खांबाआडून अर्धाच पडदा बघत, एका पायावर भार देऊन उभा होतो. सात धावांनी जिंकलो. पुढच्या मिनिटाला बाबा: "आता नीघ." रस्त्यावर नुसता नाच चालला होता. टॅक्सी नाही, बस नाही. लोअर परळ ते दादर मी पळत गेलो आणि वाटेत तीन अनोळखी माणसांनी मला उचललं, त्यांतल्या एकानं मात्र योग्य दिशेनं.

रविवार झोपेत गेला. सोमवारी क्वार्टर क्लोजिंग. ही ती क्वार्टर नव्हे, ती मंगळवारी. जून संपला की आमच्या ऑफिसात तीन महिन्यांचे आकडे जुळवायचे असतात आणि ते कधीच जुळत नाहीत. त्याच दिवशी, १ जुलैला, देशात नवे फौजदारी कायदे लागू झाले. आमच्या सकाळच्या लोकलमध्ये एक वकील काका आहेत, त्यांनी मुलुंडपासून घाटकोपरपर्यंत सगळ्या डब्याचा क्लास घेतला. चारशेवीस कलम आता तीनशे अठरा झालं. काका म्हणाले, तीस वर्षांचं पाठांतर पाण्यात गेलं. दाराशी लटकलेला एक जण म्हणाला, "काका, पण शिवीचं काय? 'तू तीनशे अठरा आहेस' म्हटलं तर समोरच्याला राग कसा येणार?" ह्यावर संसदेत चर्चा झालेली दिसत नाही.

मंगळवारी पश्याचा वाढदिवस. दादरचं परमिट रूम. लाल दिवा, ओलं टेबल, भिंतीवर हार घातलेला देव, आणि आपण बसताच न मागता चकणा ठेवणारा वेटर. असल्या जागेत मला लोअर परळपेक्षा शतपटीनं बरं वाटतं. इथं बिल वाचता येतं.

गोट्यानं पेग मागवला आणि चकण्याची बशी बाजूला सारली.

"मंगळवार," तो म्हणाला. "अंडं चालत नाही."

"हे चणे आहेत."

"एकादशी पण आहे."

होती खरी. योगिनी एकादशी. माउलींची पालखी त्याच दिवशी पुण्याहून निघून दिवे घाट चढत होती. गोट्याची आई वारीत, आणि तिनं निघताना लेकाकडून एवढं एक वचन घेतलं होतं. त्यात दारूचा उल्लेख नव्हता. मृण्मयी म्हणाली, अरे, मग हे जे प्यायला घेतलंयस ते धान्याचं असतं. गोट्या दचकला. त्यानं वेटरला बोलावलं आणि ह्यातलं कुठलं धान्याचं नाही, ते विचारलं. वेटर वीस वर्षांचा जुना माणूस, चेहऱ्यावरची सुरकुती हलू न देता म्हणाला, "साहेब, रम घ्या. उसाची आहे." मग गोट्यानं रमबरोबर शेंगदाणे मागवले, साधे, मसाला नको, आणि आत स्वयंपाकघरात सैंधव मीठ आहे का, असंही विचारलं. शेजारच्या टेबलावरचे एक आजोबा उठून त्याच्या पाया पडायच्या बेतात होते.

बिलाच्या वेळी नवी अडचण. लाडकी बहीण योजना नुकतीच जाहीर झाली होती, महिना दीड हजार. आमच्या कामवाल्या मावशी उत्पन्नाच्या दाखल्यासाठी कल्याणला तहसीलच्या रांगेत होत्या आणि घरची भांडी माझ्याकडे आली होती. मृण्मयीनं जाहीर केलं की ती उत्पन्नाच्या अटीत बसत नाही, तेव्हा तिचा वाटा निदान भावांनी उचलावा. शिवाय मोबाईलचे दर दुसऱ्या दिवसापासून वाढणार होते, म्हणून वाढदिवसाचा उत्सवमूर्ती पश्या टेबलावर बसून आई, बाबा, मावशी आणि घरमालक अशा सगळ्यांचे वर्षाचे रिचार्ज मारत होता. त्याच्या खात्यात काही उरलं नाही. बिल मी भरलं. 'हिशोब करू नंतर,' असं ठरलंय. अजून ठरलेलंच आहे.

बुधवारी मी खरोखर पावणेदहाला अंथरुणावर पडलो. पण टीम बेरिल वादळामुळे बार्बाडोसला अडकली होती, तिला आणायला खास विमान गेलं होतं आणि ते परत निघालं होतं. पश्यानं ग्रुपवर नकाशा टाकला. नकाशात निळा समुद्र आणि त्यावर एक बारीक पिवळं विमान. मी फक्त एकदाच बघणार होतो. रात्री सव्वाला मी ते विमान बोटानं पुढं सरकवायचा प्रयत्न करत होतो.

आता गुरुवार, ४ जुलै. संध्याकाळी पाचला नरिमन पॉइंट ते वानखेडे, उघड्या बसमधून मिरवणूक. २००७ ची अशीच मिरवणूक मी दहा वर्षांचा असताना टीव्हीवर बघितली होती आणि तेव्हाच ठरवलं होतं की पुढची प्रत्यक्ष. दुपारी अडीचला मी गालावर हात ठेवून सरांच्या केबिनमध्ये गेलो. दाढ. सरांनी मान हलवली.

साडेचारला चर्चगेटला उतरलो. उतरलो म्हणजे गर्दीनं उतरवलं. तिथून मरीन ड्राइव्हपर्यंत मी चाललो असं म्हणणं खोटं ठरेल. पाच वाजले, बस नाही. सहा वाजले, पाऊस आला, बस नाही. एक जण झाडावर चढून फांदीवर आडवा झाला होता (तो पुढं सगळ्या देशानं बघितला). मध्येच एक ॲम्ब्युलन्स आली, आणि ज्या गर्दीत मला हात वर करून नाक खाजवता येत नव्हतं, तिनं कुठून कशी वाट काढून दिली ते समुद्रालाच माहीत. वाट मिटली तेव्हा पश्या आणि मृण्मयी पलीकडच्या काठावर होते. थोड्या वेळानं गोट्याही वाहून गेला.

नेटवर्क मेलं होतं. आणि साडेसातच्या सुमारास, कसा कोण जाणे, बाबांचा फोन लागला.

"अरे, बस निघाली! तुझ्याच बाजूला येतेय!"

"बाबा, मला पुढच्याची मान दिसतेय."

"रोहित पुढंच उभाय. विराट उजवीकडं. अगं, गॅस बंद कर, बस आली!"

माझ्या बाजूला विरारची पाच पोरं होती आणि खांद्यावर मुलगी घेतलेला एक माणूस. ती पोरं म्हणाली, दादा, स्पीकरवर टाका ना. टाकला. डोंबिवली पूर्वेतून, सोफ्यावरून, माझे बाबा मरीन ड्राइव्हवरच्या पन्नासेक माणसांना मरीन ड्राइव्हवर काय चाललंय ते सांगू लागले. टीव्ही चार-पाच सेकंद मागं असतो. त्यामुळं आधी पुढून आरोळी यायची आणि मग ती कशाची होती ते बाबा सांगायचे. "कप उचलला! दोघांनी मिळून उचलला!" आमच्या कोपऱ्यात जल्लोष. "काका, बुमराह काय करतोय?" एकानं ओरडून विचारलं. बाबा गप्प. मग हळूच: "कोण आहे रे तिकडं?" त्यांना कळलं की श्रोते आहेत, आणि त्यांचा आवाजच बदलला. "प्रेक्षकहो," असं ते म्हणाले. आईनं मागून विचारलं, त्याची दाढ दुखते म्हणून लवकर निघाला ना तो? पन्नास माणसांनी माझ्या गालाकडं बघितलं.

तेवढ्यात बस खरोखर समोर आली आणि मागची सगळी मुंबई पुढं आली. मी चवड्यावर उभा. मागून डाव्या टाचेवर कुणाचा तरी पाय पडला. मी पुढं गेलो, बूट मागं राहिला. त्या गर्दीत वाकणं म्हणजे बुटाशेजारी कायमचं राहायला जाणं. मी वर बघितलं. बसचा निळा कोपरा दिसला, त्यावर एक हात आणि हातात काहीतरी चकाकणारं. तो कप होता की कुणाचं घड्याळ, मला आजही सांगता येत नाही. बसची नंबरप्लेट गुजरातची होती आणि त्यावरून राजकारण पेटलं, हेही मला घरी टीव्हीवर कळलं. बाबांना आधीच माहीत होतं.

गर्दी ओसरल्यावर रस्ता दिसला, आणि रस्त्यावर चपला. एवढ्या चपला मी मोठ्या देवळाबाहेरही बघितल्या नाहीत, आणि तिथं निदान टोकन असतं. आमच्यासारखे वीस-तीस जण एकेका पायानं लंगडी घालत, वाकून, पायात घालून बघत फिरत होते. एकानं मला माझा उजवा विचारला; म्हटलं, हा माझाच आहे, डावा असेल तर बोला. काळा, लेस नसलेला, नऊ नंबर, एकवीसशे नव्व्याण्णव, घेऊन पंधरा दिवस. नाही मिळाला. मिळाली एक निळ्या पट्ट्याची रबरी चप्पल, डावीच, पण सात नंबर. टाच बाहेर.

गोट्या अकराला सापडला, शाबूत, दोन्ही बूट पायात. त्याचा मला अजून राग आहे. सीएसएमटीबाहेर बुर्जीपाव खाल्ला आणि १२.२४ धरली. डब्यात समोरच्यानं माझ्या पायांकडं बघितलं, मग स्वतःच्या पायाकडं. त्याच्या डाव्या पायात लेडीज सँडल होती. आम्ही एकमेकांना मान दिली. डोंबिवलीपर्यंत काही बोललो नाही.

शुक्रवारी ऑफिसात अंगठा सुजलेला. मी लंगडत जागेवर गेलो. सर मागून आले.

"दाढ कशीय?"

"बरी आहे सर. काढली."

त्यांनी माझ्या पायाकडं शांतपणे बघितलं. "मुळं बरीच खोल गेलेली दिसतात."

दिवसभर मी एका बाजूनं जेवलो. चार वाजता लक्षात आलं की सकाळी चहाबरोबरची खारी दुसऱ्या बाजूनं खाल्ली होती. संध्याकाळी बीकेसीत एका मोठ्या घरच्या लग्नाचा संगीत, गायला थेट परदेशातून पाहुणा. मृण्मयी ट्रॅफिकमध्ये दोन तास अडकली, म्हणून भेटायचं रद्द झालं. मी साडेनऊला झोपलो. त्या आठवड्यात मला पावलेला हा एकच लग्नसमारंभ.

शनिवारी सकाळी सातला बाबांनी हलवून उठवलं. हातात आदल्या दिवशीचा पेपर आणि भिंग. पानभर फोटो: मरीन ड्राइव्ह, रात्र, आणि चपलाबुटांचे ढीग.

"काळा ना?"

"हो."

"लेस?"

"नाही."

त्यांनी भिंग सरकवलं. आईनं ती निळी चप्पल धुऊन माझ्या उजव्या बुटाशेजारी स्टँडवर ठेवली होती. फेकू का म्हटलं तर म्हणाली, राहू दे, कुणीतरी शोधत असेल. फोन वाजला. ग्रुपवर पश्या: 'आज रात्री?' खाली गोट्या: 'नक्की ना?'

"हा बघ, हा खांबाजवळचा," बाबा म्हणाले. मग भिंग डोळ्याजवळ नेलं. "छे. उजवा आहे."