अण्णांना दहापैकी चार

आमच्याकडे गेल्या महिन्यात अण्णा नापास झाले.

अण्णा म्हणजे आमच्या वेल्ड शॉपमधले सगळ्यात जुने वेल्डर, चाकणला प्लांट सुरू झाला तेव्हापासूनचे. रिटायरमेंटला चार वर्षं राहिलीत आणि त्यांच्या हाताखाली शिकलेली निदान पन्नास-साठ पोरं आज भोसरीपासून रांजणगावपर्यंत कुठं कुठं वेल्डिंग करून संसार चालवतायत. तर त्यांना टॅबवर दहा प्रश्नांची टेस्ट दिली, पासिंग आठ, अण्णांना चार. स्क्रीन लाल. शेजारच्या खुर्चीत आयटीआयचा ॲप्रेंटिस, मिसरूड पण धड फुटलेलं नाही, त्यानं तीन मिनिटांत दहापैकी दहा घेतले, स्क्रीन हिरवी आणि वर ते रंगीत कागद उडताना दाखवतात ते पण उडाले.

मी ट्रेनिंग डिपार्टमेंटला आहे, त्यामुळं ह्या पापात माझा वाटा आहे हे आधीच कबूल करतो.

अण्णा टॅब घेऊन माझ्याकडं आले. "साहेब, हे वेल्डचा तलाव म्हणजे काय हो? आपल्या कंपनीत तलाव कुठंय?" बघतो तर काय, मूळ प्रश्न इंग्रजीत, कुणीतरी सॉफ्टवेअरमधून मराठी करून घेतलेलं आणि ते कुणीही, म्हणजे मी पण, एकदाही वाचलेलं नाही. वेल्ड पूल, म्हणजे वेल्ड करताना वितळलेला धातू, त्याचा झाला तलाव. पुढचा प्रश्न तर कळस होता, "कमी किमतीत विकण्याचे कारण खालीलपैकी कोणते?" आणि पर्याय काय, तर करंट जास्त असणे, टॉर्चचा अँगल चुकणे वगैरे. मला दोन मिनिटं लागली कळायला की हा अंडरकट आहे, वेल्डच्या कडेला खाच पडते तो डिफेक्ट, जो अण्णा दहा फुटावरून ओळखतात. त्यांनी पर्याय टाकला होता "यापैकी नाही". म्हणे, कमी किमतीत विकायचं ते मार्केटिंगवाले बघतात ना.

मग त्या पोराला दहा कसे पडले? सोप्पंय. आधीच्या बॅचनं स्क्रीनशॉट काढून ग्रुपवर टाकले होते. एक ब, दोन ड, तीन अ. पोरानं प्रश्न वाचलेच नाहीत, त्यामुळं तलावात बुडायचा प्रश्नच नव्हता.

मला राहवलं नाही. दुपारी दोघांनाही एकच जॉब दिला, दोन प्लेटांचा साधा टी जॉइंट, आणि दोन्ही पीस क्वालिटीत नेऊन कापले. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, वेल्ड खरा आहे का हे वरून नीट कळत नाही, पीस आडवा कापायचा, पॉलिश पेपरनं घासून गुळगुळीत करायचा, वर ॲसिड फिरवायचं, की आत माल किती खोल गेलाय ते आपोआप रंग बदलून दिसतं. अण्णांच्या पीसमध्ये दोन्ही प्लेटा कुठं संपतात आणि वेल्ड कुठं सुरू होतो ते एकमेकांत मुरलेलं, विरजण लागल्यासारखं. पोराचा बीड, म्हणजे वेल्डची वर दिसणारी पट्टी, इतका देखणा की फोटो काढावा, आणि आत दोन प्लेटांमधली काळी रेघ जशीच्या तशी. नुसता वरून माल थापलाय, आत दोघींची ओळखपाळख नाही.

पण सिस्टीममध्ये पोरगा "कॉम्पिटंट" आणि अण्णा "रिट्रेनिंग ड्यू". दुसऱ्या दिवशी मला ऑटोमॅटिक मेल आला की ह्या कर्मचाऱ्याला सात दिवसांत वेल्डिंगचं बेसिक ट्रेनिंग द्यावं, आणि त्याच मेलमध्ये खाली ट्रेनरचं नाव होतं. अण्णांचं.

आता ह्यावर हसून सोडून देता आलं असतं, पण हे असं का होतं ते मला गेली काही वर्षं रोज दिसतंय. गाड्यांचे पार्ट बनवायचे म्हणजे आयएटीएफ १६९४९ हे क्वालिटीचं स्टँडर्ड आलं, त्यात कलम ७.२ म्हणजे कॉम्पिटन्स, माणूस ज्या मशीनवर उभा आहे ते काम त्याला येतं ह्याचा पुरावा दाखवा. ऑडिटर येतो, लाइनवर उभा राहतो आणि स्किल मॅट्रिक्स मागतो. पूर्वी तो भिंतीवरचा तक्ता असायचा (अजून असतो म्हणा), प्रत्येकाच्या नावापुढं एक गोल, गोलाचे चार भाग, पाव भरला म्हणजे नुसती माहिती आहे, अर्धा म्हणजे कुणाच्या नजरेखाली करतो, पाऊण म्हणजे एकटा करतो आणि पूर्ण म्हणजे दुसऱ्याला शिकवतो. आता तेच गोल स्क्रीनवर आलेत आणि क्विझचे मार्क पडले की आपोआप भरतात. ऑडिटरला हिरवं दिसलं, मॅनेजमेंटला हिरवं दिसलं, सगळे खूश. पूर्वी तो गोल भरायच्या आधी कुणीतरी त्या माणसाच्या मागं उभं राहून त्याचं काम बघत होतं, ते उभं राहणं मधल्या मधे कधी गायब झालं कुणाच्या लक्षातच आलं नाही. माझा सगळा राग आहे तो एवढ्यावरच आहे. ट्रेनिंगवाल्यांना ट्रेनिंगचा उपयोग मोजायच्या कर्कपॅट्रिकच्या चार पायऱ्या पाठ असतात, १९५९ पासूनच्या, माणसाला ट्रेनिंग आवडलं का, तो शिकला का, कामात फरक पडला का, कंपनीला फायदा झाला का. आमची गाडी दुसऱ्या पायरीवर, तेही एक ब, दोन ड करत.

घरी आलो की हाच पिक्चर दुसऱ्या भागात. आमच्या मॅडम झेडपीच्या शाळेत, चौथीचा वर्ग. पायाभूत चाचणी, मग संकलित एक, मग संकलित दोन, आणि प्रत्येक वेळी भाषा, गणित, इंग्रजी, प्रत्येक पोराचे प्रश्ननिहाय मार्क मोबाइलवर चॅटबॉटमध्ये भरायचे. नेटवर्क फक्त गच्चीत येतं, त्यामुळं ते दिवस आले की आमचं जेवण गच्चीत.

तिनं सांगितलेला एक किस्सा डोक्यातून जात नाही. चाकणच्या आसपास झेडपीच्या शाळांत आता निम्मी पोरं कामगारांची, कुणी परभणीचं, कुणी थेट बिहारचं, घरात हिंदी. अशाच एका पोराचा पेपर. उताऱ्यात वाक्य होतं, ओढ्याकाठी जांभळाचं झाड होतं. प्रश्न, जांभळाचं झाड कुठे होतं? उत्तर लिहिलंय "ओढ्याकाठी". बरोबर, पूर्ण मार्क. हिनं सहज विचारलं, ओढा म्हणजे काय रे बाळा? तर म्हणतो, "मॅडम, गाव का नाम है." पोरानं प्रश्नातलं "जांभळाचं झाड" उताऱ्यात शोधलं आणि अलीकडचा शब्द उतरवून काढला, बास. हिनं सांगितलं अरे ओढा म्हणजे नाला, तर पोरगं खुदकन हसलं, "वो तो हमारे घर के पीछे है." आणि त्याच वर्गातली एक मुलगी, तोंडी विचाराल ते धडाधडा सांगते पण लिहायला इतकी हळू की निम्मा पेपर कोरा, त्यात हा प्रश्नही. चॅटबॉटला गेला तिचा शून्य आणि ह्याचा पूर्ण मार्क. वर बसून जो कुणी तो डॅशबोर्ड बघणार त्याला दिसणार की वाचून समजणं ह्या कौशल्यात हा मुलगा पुढं आणि ही मुलगी मागं.

"प्रथम" संस्थेचा पोरांचं शिकणं तपासणारा "असर" सर्व्हे असतो, त्यांची पद्धत मला म्हणून आवडते, २००५ पासून चालूय. एक माणूस, एक पोरगं आणि हातात एक साधा कागद, त्यावर अक्षरं, शब्द, छोटा परिच्छेद, दुसरीच्या पातळीची गोष्ट. वाच बघू. एकेका पोराशेजारी कुणीतरी खरंच बसतं. आता हे तीस पोरांच्या वर्गात दर महिन्याला एकट्या बाईंनी करायचं म्हणजे वेळ कुठनं आणायचा हा प्रश्न आहेच, पण ज्या संध्याकाळी गच्चीत गेल्या तेवढ्या वेळात निम्मा वर्ग तरी वाचून झाला असता.

बाकी परीक्षांचं काय सांगायचं. तलाठी भरतीचा निकाल आठवतोय का, जानेवारी २०२४, २०० पैकी २१४ मार्क! परीक्षा इतक्या शिफ्टमध्ये झाली की कुणाला सोपा पेपर, कुणाला अवघड, म्हणून नॉर्मलायझेशन केलं, म्हणजे सगळ्या शिफ्टचे मार्क एका पातळीवर आणले, आणि त्या गणितात मार्क २०० च्या वर जाऊ शकतात, ह्यात घोटाळाच असतो असं नाही. पण माझा पुतण्या तेव्हा अभ्यासिकेत बसत होता, त्याला हे समजावून सांगताना मलाच ओशाळल्यासारखं झालं. ज्याची परीक्षा घेतली त्याला स्वतःचे मार्क कुठून आले तेच कळत नसेल तर तो निकाल त्यानं मानायचा तरी कसा? लर्निंग लायसन्सचं तर विचारूच नका, पंधरा प्रश्न, नऊ बरोबर आले की पास, २०२१ पासून घरबसल्या. आमच्या ओळखीतल्या एकाची टेस्ट एजंटनं दिली, हा शेजारी चहा पीत होता. आणि कोविडमध्ये डिग्री झालेली पोरं इंटरव्ह्यूला येतात ना, त्यांना अजून कुणीतरी हसत हसत "कोविड बॅच का?" विचारतंच. दहा बाय दहाच्या खोलीत, मागं आई भांडी घासतेय, पोराची मान जरा वळली की कॅमेऱ्याची वॉर्निंग, अशात पेपर दिलेत त्यांनी.

आता कुणीतरी कमेंटमध्ये येईलच की म्हणजे तुम्ही टेक्नॉलॉजीच्या विरोधात. नाही हो. माणूस तपासायचा तेव्हा काही रामराज्य नव्हतं. इंटर्नलचे मार्क कसे पडायचे आपण सगळ्यांनी बघितलंय. आणि भिंतीवरचे ते गोल सुपरवायझर भरायचा, त्याच्या गावाकडच्या पोरांचे गोल कसे भराभर भरायचे हेही बघितलंय. आमच्याकडे एक मुलगी आहे वेल्डिंगला, दोन वर्षं तिचा गोल अर्ध्यावर अडकला होता, का तर सुपरवायझरच्या डोक्यात "पोरींचं काम नाही हे". मग नवीन वेल्डिंग मशीन आली, ती प्रत्येक वेल्डचा करंट, व्होल्टेज, टाइम सगळं लिहून ठेवते. सहा महिन्यांचा डेटा काढला, रीवर्कचं, म्हणजे परत दुरुस्त कराव्या लागलेल्या कामाचं, रजिस्टर शेजारी ठेवलं, तर सगळ्या शिफ्टमध्ये सगळ्यात कमी रीवर्क तिचा. मशीनला तिचं आडनाव दिसत नाही, गाव दिसत नाही, ती मुलगी आहे हेही दिसत नाही. तिचा गोल भरला तो त्या डेटानं, मी कितीही भांडलो असतो तरी भरला नसता.

फरक बघा, इथं तिला बसवून प्रश्न कुणी विचारले नाहीत, ती जे काम करत होती तेच मशीननं नोंदवलं. मॅडमही असंच करतात, जुलैमध्ये प्रत्येक पोराचं एक मिनिटाचं वाचन फोनवर रेकॉर्ड करून ठेवतात आणि दिवाळीनंतर परत. पालक मेळाव्याला आया येतात, बऱ्याच जणींना स्वतःला वाचता येत नाही. त्यांना "स्तर तीन, ७२ टक्के" सांगून काय कळणार? पण पोराचं आधीचं अडखळणं आणि आताचं घडाघडा वाचणं एकामागं एक ऐकवलं की एखादी पदर डोळ्याला लावते. फोनच आहे तोही.

ऑफिस स्टाफचं मात्र कठीण आहे. त्यांचं ट्रेनिंग ऑनलाइन, व्हिडिओ पुढं ढकलता येत नाही म्हणून म्यूट करून दुसऱ्या टॅबमध्ये क्रिकेट, शेवटी क्विझ, चुकलं तर परत, चारच पर्याय आहेत, कधीतरी लागतंच. लेखी उत्तरं मागितली तर सगळ्यांची एकदम शुद्ध आणि एकसारखी, चॅटजीपीटीची. मग एचआरनं सुचवलं, तपासायला पण एआय घेऊया. म्हणजे एआयनं लिहायचं, एआयनं तपासायचं, आणि मधे माणूस फक्त सर्टिफिकेटवर नाव टाकायला.

असो. अण्णांचं पुढं काय झालं ते सांगतो. दहा प्रश्नांचं प्रिंट त्यांच्यासमोर ठेवलं, म्हटलं तुम्हीच सुधारा. कँटीनमध्ये बसून लाल पेनानं सात खोडले. "तलाव" खोडून शेजारी लिहिलं, "वितळलेलं लोखंड लिहा की सरळ." म्हटलं, मग पोरं तयार झाली हे ओळखायचं कसं? तर म्हणाले, चला दाखवतो.

बूथमध्ये तोच दहापैकी दहावाला, मास्क लावून. मी मशीनच्या स्क्रीनवरचा ग्राफ बघत उभा, अण्णा बूथकडं पाठ करून, हातात चहाचा कप. पोरानं आर्क मारला. अण्णा म्हणाले, "आवाज ऐका, कढईत भजी सोडल्यावर कसा एकसारखा चर्र आवाज पाहिजे, हा मधेच ठाप ठाप करतोय, टॉर्च लांब धरतोय हा, हात थरथरतोय त्याचा." स्क्रीनवर बघतो तर व्होल्टेजची रेघ बरोबर त्याच ठापेला वर उडी मारतेय. तीनदा पोराला थांबवलं, हात धरून अंतर दाखवलं. चौथ्यांदा आवाज बसला, रेघही बसली. तो पीस परवा कापला, काळी रेघ निम्म्याहून कमी राहिलीय. अजून आहे.

सोमवारपासून नवीन बॅच, बावीस पोरं. बूथमधली स्क्रीन अण्णांच्या उंचीला लावून घेतलीय, क्विझ शेवटच्या दिवशी, तीनच प्रश्न. ऑडिटरला काय सांगायचं ते अजून ठरलं नाहीये, त्याला पण एक कापलेला पीस हातात देईन म्हणतो.

बरं थांबतो, मॅडम हॉटस्पॉट मागतायत, अजून अकरा पोरं भरायची राहिलीत.