‘डोकें’ या शब्दाबद्दल खुलासा
‘सरकारचे डोके ठिकाणावर आहे काय?’ या अग्रलेखामुळेच टिळकांना १८९७ साली राजद्रोहाची शिक्षा झाली, असे सर्रास सांगितले जाते. ते चूक आहे. हा अग्रलेख ‘केसरी’त ६ जुलै १८९७ रोजी आला, तर खटला १५ जूनच्या अंकातील शिवाजी उत्सवविषयक मजकुरावर, म्हणजे पुण्यातील प्लेग अधिकारी रँड याच्यावर २२ जूनला गोळ्या झाडल्या जाण्याआधीच छापलेल्या मजकुरावर, उभा होता. शिक्षा दीड वर्षाची झाली. मथळ्यातील ‘डोके’ हा शिवराळ शब्दही नव्हे. ‘डोके ठिकाणावर असणे’ म्हणजे सारासार विचार शाबूत असणे, हा घरोघरचा वाक्प्रचार. सरकारला तो लावला, यातच त्याची धार आहे. तेव्हाच्या लेखनपद्धतीत हा नपुंसकलिंगी शब्द ‘डोकें’ असा सानुस्वार लिहीत, त्यामुळे जुने अंक शोधताना दोन्ही रूपे पाहावीत.