‘डॉ.’च्या वादात संघटनेचं खरं काम राहून जातंय

सप्टेंबर २०२५ मध्ये केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने पत्र काढलं की फिजिओथेरपिस्टांनी नावाआधी ‘डॉ.’ लावू नये, आणि दुसऱ्याच दिवशी ते मागे घेतलं. बडोद्यातल्या आमच्या व्यवसायबंधूंचा सगळा जोर तेव्हापासून या उपाधीवर आहे. राष्ट्रीय संघटनेकडूनही तेवढंच मागणं. ब्रिटनमधून हे बघताना जीव तुटतो, कारण संघटनेकडून वसूल करण्यासारखं बरंच काही आहे.

फिजिओथेरपिस्टांची इथली संघटना, चार्टर्ड सोसायटी, १८९४ मध्ये चार नर्सेसनी सुरू केली. लंडनमध्ये मालिशच्या नावाखाली भलतेच धंदे चालतात असा बोभाटा झाला होता आणि प्रामाणिकपणे काम करणाऱ्या बायका त्यात नाहक बदनाम होत होत्या. या नर्सेसनी परीक्षा ठेवली आणि स्वतःवरच बंधनं घालून घेतली: डॉक्टरच्या सांगण्याशिवाय उपचार नाही, रुग्णाला औषधं विकायची नाहीत. पत त्यातून आली. ज्या बडोद्यात प्रोफेसर माणिकरावांच्या आखाड्याचं नाव हाडं बसवण्यासाठीही घेतलं गेलं, तिथल्या माणसाला हे वेगळं समजवावं लागू नये. लोक हाताचा गुण बघून येतात.

आज इथे नोंदणी वेगळी आणि संघटना वेगळी. नोंदणी एचसीपीसी या नियामक संस्थेकडे, ती नसताना स्वतःला फिजिओथेरपिस्ट म्हणवणं गुन्हा आहे. दर दोन वर्षांनी नूतनीकरण होतं, तेव्हा अडीच टक्के लोकांची तपासणी होते. नवीन काय शिकलात आणि त्याचा रुग्णाला काय उपयोग झाला, दोन्ही पुराव्यासकट द्यावं लागतं. सोसायटीचं सदस्यत्व ऐच्छिक. तरी लोक वर्गणी भरतात, कारण त्यात व्यावसायिक जबाबदारीचा विमा येतो आणि नोकरीत तंटा झाला तर तीच कामगार संघटना म्हणून पाठीशी उभी राहते.

आपली इंडियन असोसिएशन ऑफ फिजिओथेरपिस्ट्स १९५५ ची. २०२१ च्या केंद्रीय कायद्याने नोंदणीचं काम राष्ट्रीय आयोग आणि राज्य परिषदांकडे दिलं, म्हणजे संघटनेचे हात मोकळे आहेत.

त्या मोकळ्या हातांनी गुडघेदुखीपासून सुरुवात करावी. बडोद्यात दांडिया बाजार असो की मांजलपूर, बऱ्याच ठिकाणी दहा सिटिंगचं पॅकेज ठरलेलं: पंधरा मिनिटं आयएफटी म्हणजे विजेचा सौम्य प्रवाह, पाच-सात मिनिटं अल्ट्रासाउंड म्हणजे ध्वनिलहरींचा उपचार, वर शेक, की रुग्ण घरी. पलंगावर पडून मांडीच्या स्नायूंना कामच पडत नाही, मग पॅकेज संपल्यावर जिना पुन्हा तितकाच जड. उपचारांबद्दल मार्गदर्शक सूचना काढणाऱ्या ब्रिटनच्या नाइस या संस्थेने २०२२ मध्ये स्पष्ट सांगितलं: झिजेच्या गुडघ्याला ही विजेची उपकरणं देऊ नका, पुरेसा पुरावा नाही, व्यायाम मात्र प्रत्येकाला द्या. तो व्यायाम साधा आहे. खुर्चीवरून उठणं-बसणं, आठ ते दहा वेळा, असे तीन सेट, आठवड्यातून दोन-तीन दिवस. जमायला लागलं की खुर्ची बुटकी घ्या किंवा हातात वजन द्या. करताना थोडं दुखलं तरी चालतं. दुसऱ्या दिवशीही वाढलेलंच राहिलं तर मात्रा कमी करायची. हे वाढवणं-कमी करणंच होत नाही, आणि तिथेच उपचार फसतो.

बडोद्याच्या सदस्यांनी आपल्यापुरता ठराव करावा. पहिल्या सिटिंगला, हात न टेकता तीस सेकंदांत रुग्ण खुर्चीवरून किती वेळा उठतो ते मोजून केसपेपरवर लिहायचं. दहाव्याला पुन्हा मोजायचं. आकडा हलला नसेल तर तेच पॅकेज पुन्हा विकायचं नाही.