‘तात्पुरते आयपी देऊन काम उरकलं’ या तक्रारीला उत्तर

नमस्कार,

आम्ही आपल्या कार्यालयात उभारलेल्या नेटवर्कला आपण एक तारा दिलात. तक्रार अशी, की सगळ्या यंत्रांना तात्पुरते आयपी (नेटवर्कवरचे यंत्राचे पत्ते) देऊन आम्ही काम उरकलं. सुट्टीनंतर प्रिंटर सापडत नाही. एका लॅपटॉपला १६९.२५४ ने सुरू होणारा भलताच आयपी येतो. तेव्हा सगळ्यांना कायमचे आयपी द्या. ऐन कामाच्या वेळी प्रिंट अडली की किती चिडचिड होते, हे मी जाणतो. पण मागितलेला उपाय केला तर त्रास वाढेल, म्हणून सविस्तर लिहितो.

यंत्र नेटवर्कला जोडलं की आधी सगळीकडे विचारणा करतं: आयपी कोण देईल? राउटरमधला डीएचसीपी सर्व्हर, म्हणजे आयपी वाटणारी यंत्रणा, एक मोकळा आयपी पुढे करतो, यंत्र तोच मागतं, सर्व्हर होकार देतो. आयपी मिळतो तो मुदतीवर. साधारण अर्धी मुदत सरली की यंत्र स्वतःच ती वाढवून घेतं, त्यामुळे चालू यंत्राचा आयपी सहसा हलत नाही. तुमच्या नेटवर्कमध्ये वापरता येण्याजोगे आयपी २५४ आहेत. येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याच्या फोनसाठी एकेक कायमचा अडकवला, तर ते कधी ना कधी संपणारच. मुदत ठेवण्यामागे हेच कारण आहे.

आता प्रिंटर. तो आमचं काम झाल्यानंतर जोडला गेला. सुट्टीत बंद राहिला, मुदत संपली, त्याचा आयपी दुसऱ्या यंत्राकडे गेला, आणि संगणक जुन्याच आयपीवर प्रिंट पाठवत राहिले. ज्या यंत्राला बाकीचे शोधत येतात, त्याचा आयपी ठरलेला हवा, हे तुमचं म्हणणं अगदी बरोबर. फक्त तो राउटरमध्ये, प्रिंटरच्या मॅक अ‍ॅड्रेसवर (यंत्राला कारखान्यातच मिळालेला ओळख क्रमांक) राखून ठेवायचा. कृपया प्रिंटरच्या सेटिंगमध्ये हाताने टाकू नका. प्रिंटर बंद असताना राउटरला तो आयपी मोकळाच दिसतो. राउटर तो दुसऱ्याला देऊन बसू शकतो आणि मग दोन यंत्रं एकाच आयपीवर भांडतात. असा घोळ शोधायला फार वेळ जातो. (फोनसाठी राखीव आयपीच्या मागे लागू नका. हल्लीचे फोन खरा मॅक अ‍ॅड्रेस लपवतात.)

१६९.२५४ वाला आयपी राउटरने दिलेलाच नाही. सर्व्हरकडून उत्तर आलं नाही की लॅपटॉप तो स्वतः घेतो. बाकी सगळे नीट चालत असतील, तर आधी त्या लॅपटॉपची केबल आणि स्विचचा पोर्ट (केबल लावायची खाच) बदलून पाहा.

राखीव आयपीचं काम आमचा माणूस येऊन करून देईल, त्याचे पैसे नाहीत. त्याआधी प्रिंटरवरून कॉन्फिगरेशनचं पान छापून ठेवा. मॅक अ‍ॅड्रेस त्यावर मिळतो.