सत्तरावं मिनिट

आमच्या फुटबॉल संघाच्या मॅनेजरला मी गेली तीन वर्षं 'साहेब' म्हणतो. आदराने नव्हे. ज्या माणसापुढे आपलं काही म्हणजे काही चालत नाही त्याला साहेब म्हणतात, त्या अर्थाने. साहेबांची आणि माझी ओळख नाही, होण्याची शक्यता नाही. तरीही आठवड्यातले दोन दिवस माझी झोप, माझा रक्तदाब आणि घरच्यांशी माझं बोलणं या तिन्ही गोष्टी त्यांच्या ताब्यात असतात. एवढा अधिकार मी सख्ख्या नातेवाइकांनाही दिलेला नाही.

साहेब पहिला खेळाडू बदलतात तो सत्तराव्या मिनिटाला. संघ दोन गोलांनी पुढे असो नाहीतर मागे असो, डाव्या कडेचा बचावपटू, म्हणजे फुलबॅक, लंगडत असो, मिडफिल्डमधल्या एकाला पिवळं कार्ड मिळालेलं असो आणि तो दुसऱ्याच्या वाटेवर धावत सुटलेला असो, साहेब हाताची घडी घालून उभे. एकोणसत्तर संपली की मान किंचित वळते, मागच्या बाकावरचा कुणीतरी जॅकेट काढतो आणि चौथा पंच आकड्यांची पाटी हातात घेतो. बदल तरी काय? कडेने धावणारा विंगर काढून विंगर. स्ट्रायकर काढून स्ट्रायकर. भिंतीवरचं जुनं कॅलेंडर काढून त्याच खिळ्याला नवं टांगावं, तसं.

2020 साली पाच बदलांची मुभा आली तेव्हा मी खुळ्यासारखा खूश झालो होतो. मला वाटलं, आता तरी मॅनेजर लोकांचा हात सैल सुटेल. साहेबांनी त्या पाचांतले तीन असे जपून ठेवलेत की बहुधा नातवंडांच्या नावे करायचे असावेत. दुसरा बदल होतो अठ्ठ्याऐंशीव्या मिनिटाला, तोही आम्ही गोल खाल्ल्यावर. बैल गेला आणि झोपा केला, ही म्हण शाळेत वाक्यात उपयोग करण्यापुरती पाठ केली होती. तिचं थेट प्रक्षेपण बघायला मिळेल असं वाटलं नव्हतं.

सामना बघताना शेजारी आई असते. तिला फुटबॉलमधलं काही कळत नाही असं ती स्वतःच म्हणते, आणि नंतर नेमकं तेच बोलते जे मला तीन वर्षं साहेबांना सांगायचंय. "अरे, तो डावीकडचा मुलगा केव्हाचा एकटा उभा आहे. त्याच्याकडे का देत नाहीत?" आता तिला काय सांगणार? तो मुलगा आपल्या योजनेत फक्त समोरच्या बचावाला ताणून धरण्यासाठी आहे, त्याला चेंडू मिळालाच पाहिजे असं नाही, असं सांगितलं. ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "म्हणजे त्याला नुसतं उभं राहायचे पैसे देतात?"

या प्रश्नाला व्यूहरचनेच्या शास्त्रात उत्तर नाही.

तो मुलगा खरं तर उजव्या बाजूचा. उजवीकडून धावत जाऊन उजव्या पायाने गोलसमोर असे क्रॉस टाकायचा की स्ट्रायकरने नुसतं कपाळ पुढे केलं तरी काम व्हायचं. साहेबांनी आल्या आल्या त्याला डावीकडे पाठवला, कारण आत वळून उजव्या पायाने शॉट मारता येतो. येतो ना, नाही कोण म्हणतं. पण हे आता समोरच्या फुलबॅकलाही माहीत आहे. मुलगा आत वळतो, फुलबॅक आधीच आत वळून त्याची वाट बघत असतो, दोघं एकमेकांवर आदळतात आणि चेंडू थ्रो-इनला जातो. सामन्यात हे दहादा होतं. स्ट्रायकर बिचारा पेनल्टी एरियात हात वर करून उभा असतो, न थांबणाऱ्या बसला हात केल्यासारखा.

पण माझ्या आयुष्याची वर्षं खऱ्या अर्थाने कमी होतात ती गोल-किकला, म्हणजे चेंडू गोलरेषेबाहेर गेल्यावर आमचा कीपर खेळ परत सुरू करतो तेव्हा. 2019 साली नियम बदलला. आधी गोल-किक पेनल्टी एरियाच्या बाहेर जावी लागायची, आता ती आतच आपल्या माणसाकडे देता येते. नियम सांगतो की असं 'करता येतं'. साहेबांनी 'केलंच पाहिजे' असं वाचलं. त्यामुळे दृश्य असं: कीपर सहा यार्डांच्या रेषेवर चेंडू ठेवतो. दोन सेंटर बॅक, म्हणजे मधले बचावपटू, त्याच्या दोन बाजूंना, देवळातल्या समयांसारखे. समोर प्रतिस्पर्ध्यांचे तिघे पेनल्टी एरियाच्या कडेवर ओणवे, शर्यतीच्या पोरांसारखे. कीपर उजव्या समईला पास देतो. समई डोकं वर करून बघते, कुणी मोकळं नाही, परत कीपरला. कीपर डावीकडे. डावीकडून परत. तोपर्यंत ते तिघे सुटलेले असतात. आता कीपर चेंडू सरळ मिडफिल्डमधल्या आमच्या कप्तानाकडे सरकवतो. त्याची पाठ समोरच्या गोलकडे आणि मानेवर एकाचा श्वास. कप्तान तिशी ओलांडलेला. वळायला त्याला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात माझं एखादं पत्र लिहून व्हावं.

आई दर वेळी याच क्षणी म्हणते, "पुढे मार की रे!" ती ते कीपरला म्हणते, आणि त्याने आजवर एकदाही ऐकलेलं नाही. साहेबांचा शिष्यच तो.

मला सगळ्यात जास्त छळतो तो हा इतिहास की या खेळात नियम बदलला की शहाणी माणसं बदलत आली आहेत. 1925 साली ऑफसाइडचा, म्हणजे पास दिला जाताना आक्रमक किती पुढे उभा असू शकतो त्याचा, नियम सैलावला. आक्रमकाच्या पुढे तीनऐवजी दोनच विरोधी खेळाडू असले तरी चालायला लागलं आणि गोलांचा पाऊस सुरू झाला. आर्सेनलचा मॅनेजर हर्बर्ट चॅपमन, त्याने काय केलं? मिडफिल्डमधला मधला खेळाडू खेचून बचावात आणला, बाकीची मांडणी त्याच्याभोवती फिरवली, आणि इंग्रजी W आणि M अक्षरांसारखी दिसणारी ती डब्ल्यू-एम पद्धत पुढे कित्येक वर्षं जगाने गिरवली. 1992 साली बॅकपास, म्हणजे आपल्याच माणसाने पायाने मागे दिलेला चेंडू, कीपरने हातात धरायला बंदी आली, तेव्हा कीपर लोकांना वाढत्या वयात पायाने खेळायला शिकावं लागलं, आणि शिकले ते. बाकीचं सोडा, 2005 ची चॅम्पियन्स लीगची इस्तंबूलची फायनल घ्या. लिव्हरपूल मध्यंतराला मिलानविरुद्ध तीन-शून्यने मागे. त्यांचा मॅनेजर बेनितेझ, त्याने कडेचा एक बचावपटू काढून हामानला मिडफिल्डमध्ये घातला आणि मागे तिघं ठेवले. सहा मिनिटांत तीन गोल, आणि पेनल्टींवर कप. मध्यंतराला! पंचेचाळिसाव्या मिनिटाला! साहेबांनी तो सामना पाहिला असणारच. पण त्यातून काय घेतलं असेल तर एवढंच, की तीन-शून्यने मागे असलो तरी घाबरायचं कारण नाही.

सामना संपला की साहेब माइकसमोर येतात. हा भाग मी कधी चुकवत नाही. जखमेवरची खपली काढायची सवय काही जणांना असते, त्यातलं आहे हे. "बराच वेळ सामन्यावर आमचंच नियंत्रण होतं," साहेब म्हणतात. होतं ना. चेंडू आमच्याकडे होता, फक्त तो आमच्याच अर्ध्यात होता. किल्ल्या आपल्या खिशात आहेत म्हणून घरावर आपलं नियंत्रण आहे असं म्हणायचं, आणि चोर मागच्या दाराने कपाट घेऊन निघालेत. "काही चांगल्या गोष्टीही दिसल्या." कोणत्या, हे कुणी विचारत नाही. "आमचा प्रक्रियेवर विश्वास आहे." प्रक्रिया हा शब्द मी पूर्वी फक्त सरकारी उत्तरांत वाचायचो. तिथेही त्याचा अर्थ 'तुमचं काम होणार नाही' असाच असायचा.

आणि एक्सजी, म्हणजे अपेक्षित गोल. आपण हरलो तरी एक्सजीत जिंकलो, हे साहेबांचं आवडतं सांत्वन. प्रत्येक शॉटमधून गोल व्हायची शक्यता किती होती याची ती बेरीज. वाईट कल्पना नाही, मला मान्य आहे. पण परीक्षेत नापास झालेल्या पोराने 'माझे अपेक्षित गुण त्र्याऐंशी होते' असं घरी येऊन सांगावं, तसं ते ऐकू येतं.

माझा एक मित्र साहेबांचा कट्टर भक्त आहे. त्याच्याशी वाद घालणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. त्याच्या खिशात एक हुकमी पत्ता असतो, दर वेळी आधी तोच टाकतो: फर्गसन. 1986 च्या नोव्हेंबरात मँचेस्टर युनायटेडला मॅनेजर म्हणून आला आणि पहिली ट्रॉफी मिळाली 1990 च्या मे महिन्यात. तेव्हा लोकांचं ऐकून हाकलला असता तर पुढची तेरा लीग विजेतेपदं कुठून आली असती? या युक्तिवादाला माझ्याकडे उत्तर आहे: फर्गसनला वेळ दिला म्हणून तो फर्गसन झाला, हे खरं, पण वेळ दिलेले बाकीचे कुठे गेले त्यांची नावं कोण सांगणार? हे उत्तर मला दर वेळी घरी आल्यावर सुचतं.

भक्ताचा दुसरा पत्ता म्हणजे 2004 चा ग्रीस. ओटो रेहागेल हा जर्मन म्हातारा माणसाला माणूस चिकटवायची जुनी पद्धत घेऊन आला. सगळे म्हणाले, काय हे कंटाळवाणं. आणि ग्रीसने क्वार्टर फायनल, सेमी फायनल, फायनल तिन्ही एक-शून्यने जिंकून युरो कप घरी नेला. फायनल तर पोर्तुगालविरुद्ध, पोर्तुगालच्याच अंगणात. हट्टी माणूस एकदा जिंकला की जगातल्या यच्चयावत हट्टी माणसांची पुढच्या पन्नास वर्षांची सोय होते. रेहागेलचा हट्ट आपल्याकडे काय माल आहे हे बघून ठरलेला होता, हे भक्ताला ऐकू येत नाही. आमच्या साहेबांचं उलटं आहे. अंगरखा आधी शिवून तयार, आता त्यात माणूस कोंबायचा.

सगळ्यात अवघड दिवस असतो तो आम्ही जिंकतो तो. उजव्या समईने चुकून चेंडू लांब भिरकावला, समोरच्या बचावपटूच्या नडगीवर आपटून तो आमच्या स्ट्रायकरपुढे पडला आणि एक-शून्य. मी खुर्चीवरून उडतो, ओरडतो, आणि हवेत असतानाच मला कळतं की आता साहेब आणखी सहा महिने बदलणार नाहीत. खाली येईपर्यंत आनंद अर्धा झालेला असतो.

एकदा हे सगळं मी आईला सविस्तर सांगत होतो. ती म्हणाली, "सारखा हरतोय तरी एकच डाव खेळतो म्हणतोस ना? मग तू ती खुर्ची का नाही बदलत? त्या खुर्चीत बसून तू मागच्या वर्षी एकही कप पाहिला नाहीस." मी तिला समजावलं की खुर्चीचा प्रश्न वेगळा आहे. या खुर्चीत बसून मी पूर्वी खूप जिंकलेलं पाहिलंय, मध्ये मोसम वाईट गेला म्हणून चांगली खुर्ची टाकून द्यायची नसते, तिला वेळ द्यावा लागतो. बोलता बोलता माझाच आवाज मला ओळखीचा वाटला, म्हणून मी विषय बदलला.

आणि मग गेल्या महिन्यात ते घडलं. मध्यंतराला आम्ही दोन-शून्यने मागे. दुसरा अर्धा सुरू व्हायच्या आधी कॅमेरा टचलाइनवर गेला, तर तिथे आमची तीन माणसं तयार. तीन! शेहेचाळिसाव्या मिनिटाला! कप्तान बाहेर. मुलगा उजवीकडे. मागे तिघं. मी तीन वर्षं ओरडून जे मागत होतो ते अक्षरशः यादी करून पुरवलेलं. मला आधी साहेबांच्या तब्येतीची काळजी वाटली.

आम्ही पाच-एकने हरलो.

मुलाने उजवीकडून क्रॉस टाकले, पण मागे तिघांच्यात कुणी कुणाला धरायचं याचा मेळ नव्हता, आणि मिडफिल्डमध्ये जिथे कप्तान सावकाश का होईना वळायचा तिथून आता आख्खी वरात जात होती. चौथ्या गोलनंतर मी ओरडायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. ओरडणार कुणावर? सूचना माझ्या होत्या. एवढी शांत रात्र आमच्या घरात बऱ्याच दिवसांत गेली नव्हती. आईने दोनदा येऊन कपाळाला हात लावून पाहिला. सत्तराव्या मिनिटाला सवयीने माझी नजर बाकाकडे गेली. कुणी उठलं नाही.

पुढच्या सामन्याला मी उगाचच धास्तावून बसलो होतो. खेळाडूंची यादी आली: कप्तान आत. मुलगा डावीकडे. कीपरच्या दोन बाजूंना दोन समया. आम्ही एका गोलने पुढे होतो, समोरचे थकले होते, आणखी एक गोल सहज होण्यासारखा होता. एकोणसत्तर संपली. साहेबांची मान किंचित वळली. बाकावरच्या एकाने जॅकेट काढलं. चौथ्या पंचाने पाटी वर केली: स्ट्रायकर बाहेर, आणखी एक बचावपटू आत.

"सत्तर," आई म्हणाली.

मी खुर्चीत नीट सावरून बसलो, छाती भरून श्वास घेतला आणि पूर्ण ताकदीने ओरडायला सुरुवात केली.