मळायचं नाही

शेजारच्या आजींची ताटली दीड महिना माझ्याकडे पडून होती. इंग्लंडात डेव्हन परगण्यातल्या एक्सेटरच्या नव्या घरात आमचं सामान लागतंय न लागतंय, तोच त्या बेदाणे घातलेले चार स्कोन, म्हणजे चहाबरोबर खायचे इथले छोटे जाड गोड पाव, घेऊन दारात उभ्या राहिल्या होत्या. आणि आलेली ताटली रिकामी परत करायची नाही, हा संस्कार काही विमानतळावर काढून ठेवता येत नाही. साधा शिरा करून दिला असता तर सुटले असते. पण कुठून अवदसा आठवली कोण जाणे, मी म्हणाले, "मीच स्कोन करते, शनिवारी चार वाजता चहाला या."

आजी लगबगीनं घरात गेल्या आणि एक पिवळं पडलेलं कार्ड घेऊन आल्या. 225 ग्रॅम सेल्फ-रेझिंग पीठ, 55 ग्रॅम बटर, 25 ग्रॅम साखर, मूठभर बेदाणे, 150 मिलिलिटर दूध.

"हे कसले गं अडनिडे आकडे?" आईनं विचारलं. ती साताऱ्याहून सहा महिन्यांसाठी आली होती आणि इथल्या प्रत्येक गोष्टीची तपासणी करत होती. मी सांगितलं की मूळ माप औंसांचं, आठ, दोन आणि एक. ग्रॅम मागाहून आले. आईचा चेहरा खुलला. "म्हणजे छटाक-पावशेर. मग अंदाजानंच असणार सगळं."

कार्डाच्या तळाशी मात्र लाल शाईत, खाली दोन रेघा मारून, एकच वाक्य होतं: मळायचं नाही.

सुरुवात झकास झाली. पिठाला बटर बोटांनी चोळायचं, रव्यासारखं दिसेपर्यंत. हे तर शंकरपाळ्यांचं मोहन! फरक इतकाच, की आपलं मोहन कडकडीत तापलेलं आणि यांचं फ्रीजमधलं. बटर विरघळू नये म्हणून हातसुद्धा गार हवेत. थंड हातांच्या बाईला स्कोन चांगले जमतात अशी इथली जुनी समजूत आहे. मी पाच मिनिटं नळाखाली हात धरले. फेब्रुवारीतलं पाणी ते. स्कोनचं काय होईल माहीत नव्हतं, पण बोटातली अंगठी मला जाणवेनाशी झाली.

मग दूध घातलं. कार्ड म्हणत होतं, गोळा जेमतेम जमला की हात काढून घ्या. आता तुम्हीच सांगा, समोर परातीत भेगाळलेला, चिकट, अर्धवट ओला गोळा पडलाय आणि मराठी बाई हात काढून घेईल? वयाच्या दहाव्या वर्षापासून माझे हात एकच काम शिकलेत. मी एकदा दाबलं. मग जरा दुमडून दाबलं. तेवढ्यात मागून आई म्हणाली, "असं काय चाचपतेस? सरक बाजूला." आणि तिनं पदर खोचला. मराठीत कणीक तिंबणे याला दुसराही एक अर्थ आहे, तो त्या गोळ्यानं अनुभवला. पाच मिनिटांत असा तुकतुकीत, लुसलुशीत गोळा झाला की त्याच्या पुरणपोळ्या टम्म फुगल्या असत्या.

पण स्कोन फुगत नाहीत तसे. मळलं की गव्हातलं ग्लुटेन ताणलं जातं. पोळीला ते हवंच असतं, स्कोनला तेच नडतं. ब्रिस्टॉलच्या हेन्री जोन्स यांनी 1845 साली या आपोआप फुगणाऱ्या पिठाचं पेटंट घेतलं, समुद्रावरच्या खलाशांना कडक बिस्किटांऐवजी ताजा पाव मिळावा म्हणून. त्यांच्या पिठापासून खलाशांचं ते कडक बिस्किट परत तयार करून दाखवण्याचा मान आम्हा मायलेकींचा.

घाणा बाहेर आला तेव्हा नवरा टेबलाशी आला. या पदार्थाच्या उच्चारावरून इंग्रजांत कायमचे दोन तट आहेत, काही जण 'गॉन'शी यमक जुळवून 'स्कॉन' म्हणतात, काही 'स्टोन'शी जुळवून 'स्कोन'. नवऱ्यानं एक उचलून टेबलावर आपटून बघितला आणि म्हणाला, "वाद मिटला. स्टोन." वर माहितीही दिली, की स्कॉटलंडमध्ये हेच स्पेलिंग असलेलं, पण 'स्कून' म्हणायचं एक गाव आहे, तिथला 152 किलोचा दगड राज्याभिषेकाच्या वेळी सिंहासनाखाली ठेवतात, 2023 मध्ये चार्ल्स राजांच्या वेळीही ठेवला होता. "पुढच्या वेळी त्यांना एवढं ओझं वाहायला नको," तो म्हणाला. त्याला मी आणखी बेदाणे आणायला दुकानात पिटाळलं.

दुसऱ्या घाण्याला आईला बैठकीच्या खोलीत मालिका लावून दिली. गोळा मळला नाही. अडीच सेंटिमीटर जाड थापला. साचा नव्हता, म्हणून घरातली वाटी घेतली, आणि पुऱ्या-करंज्यांच्या सवयीनं दाबून गर्रकन फिरवली. फिरवायची नसते. कडा दाबल्या जातात, एक बाजू चिकटते, दुसरी वर जाते. ओव्हनमध्ये सगळे स्कोन एकाच दिशेला कलले होते, वळणावरच्या एसटीतल्या प्रवाशांसारखे.

तिसऱ्या घाण्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही. पातळ कडेच्या स्टीलच्या पेल्यानं सरळ दाबले, आई अंडं खात नाही म्हणून वरून दुधाचं बोट फिरवलं, 220 अंशांवर बारा मिनिटं, आणि जमले. एवढ्या मनस्तापानंतर जमलेल्या गोष्टीत काही मजाच उरत नाही.

चारला आजी आल्या. मी जॅम आणि क्लॉटेड क्रीमची बरणी पुढे ठेवली. आईनं झाकण उघडून बघितलं. "अगं, ही तर साय!" मग किंमत विचारली, मनातल्या मनात गुणाकार केला आणि मला ऐकू येईल इतपत पुटपुटली, "साय विकत आणते कार्टी."

आजींनी स्कोन हातानं उघडला, आधी साय लावली, वर जॅम. आईनं आधी जॅम लावला, वर साय. आजींचा कप हवेतच थांबला. डेव्हनमध्ये साय आधी. टेमर नदीपलीकडे कॉर्नवॉलमध्ये जॅम आधी. हा साधा फरक नाही. 2018 साली कॉर्नवॉलमधल्या एका जुन्या वाड्याच्या जाहिरातीत साय खाली दिसली, तर लोक इतके खवळले की वाडेवाल्यांना माफी मागावी लागली. मी घाईघाईनं म्हणाले, "आई पाहुणी आहे." आजी समजुतीनं हसल्या, पण त्यांनी बरणी आपल्याकडे ओढून घेतली.

ती कोंडी फोडली पहिल्या घाण्यानं. अन्न टाकायचं नाही म्हणून आईनं दुपारीच ते दगड खलबत्त्यात कुटून, कांदा-मिरची-मोहरीची फोडणी देऊन त्यांचा कुस्करा केला होता, बेदाण्यांसकट. वर लिंबू पिळून तिनं तो आजींपुढे ठेवला. आजींनी दोनदा घेतला. माझा नीट फुगलेला स्कोन अर्धा तसाच होता. मग त्यांनी पर्समधून डायरी काढली आणि कृती विचारली. मी भाषांतर करू लागले. तेल, मोहरी, हिंग. "मग मिरची," आई म्हणाली.

"आई, कांदा आधी," नवरा म्हणाला. तो नागपूरचा. "मिरची जळते हो नाहीतर."

"जावईबापू, कांद्यावर मिरची टाकली तर तेलात तिखटपणा उतरतो का?"

"पण आमच्याकडे..."

"तुमच्याकडचं मी खाल्लंय."

आजींनी डायरीत एकदा लिहिलं, खोडलं, परत लिहिलं. मग पेनाला टोपण लावलं आणि किटली जवळ ओढून आपला कप आपणच भरून घेतला.