“एकदाच टाका आणि विषय संपवा” : फिरणाऱ्या मेसेजला उत्तर

मे २०२५ मध्ये पाकिस्तानच्या सीमेवर क्षेपणास्त्रं आणि ड्रोन उडत होते, तेव्हापासून एक मेसेज सांगली-साताऱ्याच्या ग्रुपांवर फिरतोय. द्राक्ष बागायतदारांच्या ग्रुपवर आला, दहावीच्या बॅचच्या ग्रुपवर आला, आणि सीमेवर काही खुट्ट झालं की पुन्हा येतो. मजकूर थोडक्यात असा : “हिरोशिमावर अणुबॉम्ब पडला, आज तिथं मोठमोठ्या इमारती उभ्या आहेत. किरणोत्साराची भीती फुगवलेली आहे, दोन दिवसांत सगळं निवळतं. आपण आधी टाकला तर त्यांना उत्तर द्यायला वेळच मिळणार नाही. टाकलाच त्यांनी एखादा, तर तो दिल्ली-मुंबईवर पडेल. सह्याद्रीच्या आड आपण सुरक्षित आहोत. खरे देशभक्त असाल तर पुढे पाठवा.”

पाठवणारी माणसं माझ्या ओळखीची आहेत आणि वाईट नाहीत. पहलगामचा संताप त्यांना आहे तसा मलाही आहे. पण या मेसेजमधलं एकेक वाक्य घेऊन बघावं, कारण विषय लाखोंच्या जिवाचा आहे.

हिरोशिमा पुन्हा वसलं, हे खरंच आहे. पण ६ ऑगस्ट १९४५ च्या सकाळी तिथं फुटलेला बॉम्ब सुमारे १५ किलोटनांचा, म्हणजे आजच्या मानानं लहान होता. वर्ष संपेपर्यंत त्यानं अंदाजे १ लाख ४० हजार माणसं मारली. शहरातल्या डॉक्टर आणि परिचारिकांपैकी ९० टक्क्यांहून जास्त जण त्या एका सकाळी मेले किंवा जखमी झाले. आपल्याकडं मिरजेचं उदाहरण घ्या. दवाखान्यांचं गाव, कर्नाटकातूनही पेशंट येतात. पण हजारो भाजलेली माणसं एकाच दुपारी दारात आली तर त्यांना ठेवायला खाटा कुठल्या? आणि दवाखानेच जळालेले असतील तर? जे वाचले त्यांचंही संपलं नाही. काही वर्षांनी त्यांच्यात, विशेषतः त्या वेळी लहान असलेल्यांत, रक्ताचा कर्करोग वाढला. त्या वाचलेल्यांच्या निहोन हिदानक्यो या संघटनेला २०२४ चं शांततेचं नोबेल मिळालं. आपल्या अनुभवावरून ही माणसं आयुष्यभर एकच सांगत आली : हे पुन्हा कुणावर येऊ देऊ नका. हिरोशिमाचा दाखला द्यायचा तर त्यांचं ऐकून द्यावा.

शिवाय हिरोशिमाचा बॉम्ब जमिनीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर फुटला. त्यामुळं माती वर ओढली जाऊन किरणोत्सारी धूळ म्हणून खाली बसण्याचं प्रमाण तुलनेनं कमी राहिलं. धावपट्टी किंवा भूमिगत ठाणं उडवायला बॉम्ब जमिनीलगत फोडतात, तेव्हा चित्र फार वेगळं असतं. १ मार्च १९५४ ला अमेरिकेनं पॅसिफिक महासागरातल्या बिकिनी बेटावर अशीच जमिनीलगत बॉम्बची चाचणी घेतली. ठरवलेल्या धोक्याच्या हद्दीबाहेर असलेल्या एका जपानी मासेमारी बोटीवर त्या स्फोटाची राख पडली आणि बोटीवरचे सगळे २३ जण आजारी पडले.

“दोन दिवसांत निवळतं” यात अर्धं सत्य आहे, म्हणूनच ते जास्त घातक आहे. किरणोत्साराची तीव्रता सुरुवातीला झपाट्यानं उतरते; स्फोटानंतर तासाभरानं जेवढी असते त्याच्या साधारण शंभरावा भाग दोन दिवसांनी उरतो. पण हा शंभरावा भाग म्हणजे शून्य नाही. किरणोत्सारी आयोडीन निम्मं व्हायला ८ दिवस लागतात, आणि तेवढ्यात ते गवतावरून गाईच्या पोटात, तिथून दुधात आणि दुधातून लहान मुलांच्या गळ्यातल्या थायरॉइड ग्रंथीत पोचतं. चेर्नोबिलच्या अणुभट्टीतल्या अपघातानंतर मुलांमध्ये थायरॉइडचा कर्करोग वाढला तो मुख्यतः याच वाटेनं. सीझियम या दुसऱ्या किरणोत्सारी पदार्थाला निम्मं व्हायला ३० वर्षं लागतात. चेर्नोबिलचा अपघात एप्रिल १९८६ चा. तिथून दोन हजार किलोमीटरांहून लांब असलेल्या ब्रिटनच्या वेल्स भागातल्या मेंढ्यांच्या विक्रीवरचे निर्बंध २०१२ मध्ये उठले. तो तर अणुभट्टीतला अपघात होता, बॉम्ब नव्हता. कृष्णाकाठी गावोगावी सकाळ-संध्याकाळ डेअरीत दूध घालणाऱ्यांनी हे नीट वाचावं.

“आपण आधी टाकला तर” याला फार शब्द लागत नाहीत. स्टॉकहोमच्या सिप्री संस्थेच्या अंदाजानुसार २०२५ च्या सुरुवातीला भारताकडं सुमारे १८० आणि पाकिस्तानकडं सुमारे १७० अण्वस्त्रं होती. ती एका कोठारात रचून ठेवलेली नसतात. काही क्षेपणास्त्रं तर गाडीवरून हलवता येतात. आपण ‘अरिहंत’ पाणबुडी बांधली तीही पहिला घाव सोसून उत्तर देता यावं म्हणूनच. जी तरतूद आपण करतो, ती समोरचा करणार नाही असं धरून चालणं हा आत्मघात आहे.

आता सह्याद्रीची आड. सगळ्यात जास्त लाइक याच वाक्याला आहेत.

मुंबई-दिल्लीत कोण राहतं? जावळी-पाटणच्या किती घरांतला माणूस माथाडी म्हणून मुंबईत राबला आणि तिथंच राहिला. विटा-खानापूर-आटपाडीचे गलाई बांधव सोनं-चांदी गाळायचा धंदा घेऊन देशभरातल्या शहरांत पसरलेत. गावाकडच्या यात्रेला येतात आणि परत जातात. साताऱ्यापासून ११० किलोमीटरवरच्या पुण्यात तर आपली निम्मी तरुण पोरं आहेत. “तो मुंबईवर पडेल” असं लिहिणाऱ्यानं आपल्याच भावकीचं नाव घेतलंय.

आणि डोंगर कशाला अडवणार? शहरं पेटली की काजळी पावसाच्या ढगांच्याही वरच्या थरात जाते. आपल्याकडं तो थर साधारण १६-१७ किलोमीटरांवर सुरू होतो; महाराष्ट्रातलं सह्याद्रीचं सर्वोच्च शिखर कळसूबाई १६४६ मीटर आहे. त्या वरच्या थरात पाऊस नाही, म्हणून काजळी धुऊन जात नाही, वर्षानुवर्षं राहते. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या विद्यापीठांतल्या शास्त्रज्ञांनी भारत-पाकिस्तान अणुयुद्धाचं गणित मांडलं. त्यात तातडीचे मृत्यू ५ ते साडेबारा कोटी निघाले. जगभर पोचणारा सूर्यप्रकाश २० ते ३५ टक्क्यांनी घटेल, तापमान २ ते ५ अंशांनी उतरेल, पाऊस १५ ते ३० टक्क्यांनी कमी होईल, असा त्यांचा निष्कर्ष होता. काजळी नेमकी किती वर जाईल यावर शास्त्रज्ञांत वाद आहे. पण १८१५ मध्ये इंडोनेशियातला तांबोरा ज्वालामुखी फुटला, पृथ्वी जेमतेम अर्ध्या अंशानं थंड झाली, आणि पुढच्या वर्षी युरोपात पिकं गेली, भूकबळी पडले. ते घडून गेलेलं आहे.

तासगावच्या द्राक्ष बागायतदाराला हे वेगळं समजावून सांगायला नको. खरड छाटणीनंतर काडीत घडनिर्मिती व्हायला स्वच्छ ऊन लागतं. मे-जूनमध्ये आभाळ भरून राहिलं की ऑक्टोबर छाटणीनंतर घड कमी निघतात, निघालेले जिरतात, आणि कर्जाचा हप्ता डोळ्यांसमोर उभा राहतो. हे काही आठवड्यांच्या ढगांनी होतं. पाचवा हिस्सा ऊन सलग काही वर्षं गायब झालं तर द्राक्ष, बेदाणा सोडाच, ज्वारी तरी हाताला लागेल का? पाऊसच घटला तर टेंभू आणि म्हैसाळ उपसा योजनांच्या पंपांनी उचलायला कृष्णेत पाणी कुठून येणार? आटपाडी-जतच्या माणसानं दुष्काळ भोगलाय, त्यानं तरी हा मेसेज पुढं ढकलू नये.

राहिला देशभक्तीचा मुद्दा. साताऱ्याजवळच्या अपशिंगे मिलिटरी गावानं पहिल्या महायुद्धात ४६ जवान गमावले, आणि तिथली पोरं आजही सैन्यात जातात. या जिल्ह्यांना मोबाइलवर देशभक्ती सिद्ध करायची गरज नाही. अण्वस्त्र पहिल्यांदा वापरणार नाही, हे भारतानं जानेवारी २००३ मध्ये जाहीर केलेलं अधिकृत धोरण आहे. एकमेकांच्या अणुप्रकल्पांवर हल्ला करायचा नाही, असा करार दोन्ही देशांनी १९८८ मध्ये केला आणि १९९२ पासून १ जानेवारीला प्रकल्पांच्या याद्या एकमेकांना देण्याचा शिरस्ता सुरू झाला. मुंबईवरच्या हल्ल्याला पाच आठवडे झाले होते, तेव्हा १ जानेवारी २००९ लाही भारतानं ती यादी दिली आणि त्यांची घेतली.